लाटेची वीज : झोत उलटला तरी चाक सुलट



आपल्या कारखान्याच्या पॉवर हाऊसमधील टर्बाइन आपण पाहिले असेलच. बॉयलरची वाफ तेथे एकीकडून येते, पात्यांवर आदळते नि दुसरीकडून निघून जाते. तिचा दाबही बॉयलरवाले सांभाळतात. समुद्राच्या लाटेपासून वीज करायची म्हटली की या दोन्ही सोयी जातात.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ विझिंजम बंदराच्या लाटरोधक बांधाशी १९९१ साली असे १५० किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. त्यामागे मद्रासच्या आय. आय. टी.चे अभियंते होते. काँक्रीटची भलीमोठी पेटी समुद्रतळावर बसवली. तिचे तोंड पाण्याखाली उघडे. लाट आली की पेटीत पाणी चढते व वरची हवा जोराने बाहेर पडते. लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. लोहाराचा भाताच म्हणा ना. फक्त लोहाराचा भाता वारा एकीकडेच फेकतो, हा दोन्हीकडे! चाक फिरते ते या हवेवर, पाणी त्याला शिवत नाही.

झोत सारखा उलटणार, म्हणून बेलफास्टचे प्राध्यापक अ‍ॅलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात काढलेले टर्बाइन लावले. त्याच्या पात्याचा आकार दोन्ही अंगांनी सारखा, त्यामुळे हवा कुठूनही येवो, चाक एकाच दिशेने फिरते. युक्ती नामी, पण खोड अशी की झोत मर्यादेपलीकडे वाढला की हवेची पात्यावरची पकड सुटते आणि ताकद एकदम घटते. म्हणजे मोठी लाट आली की नेमकी तेव्हाच वीज हातची जायची. बरे, लाट लहान असली तर जनित्र वीज देण्याऐवजी ग्रिडमधूनच ओढायचे. बैलांना वैरण घालावी आणि मोट रिकामी वर यावी, तशातली गत.

पुढे तेथे इम्पल्स जातीचे टर्बाइन लावून पाहिले. यात चाकाच्या दोन्ही बाजूंना मार्गदर्शक पाती असतात. ती हवेला योग्य कोनात वळवून चाकावर घालतात. सर्वोच्च कार्यक्षमता वेल्सपेक्षा कमी, पण लहानमोठ्या लाटांत टिकणारी. आम्हांला हाच सौदा शहाणपणाचा वाटतो. गाळपाचा हिशेबही आपण एका दिवसाच्या विक्रमावर धरत नाही, हंगामाच्या सरासरीवर धरतो.

पेटीच्या तोंडाशीही काम झाले होते. दोन्ही बाजूंना पुढे भिंती काढल्या की लाट पाटातल्या पाण्यासारखी कोंडून आत येते. शिवाय पेटीतल्या पाण्याला झोपाळ्यासारखा स्वतःचा ठेका असतो. लाटेचा ठेका त्याच्याशी जुळला की पाणी कितीतरी जास्त चढते. भिंतींमुळे वेगवेगळ्या ठेक्याच्या लाटा जुळून येतात.

विझिंजमचे केंद्र पुढे बंद झाले. त्याआधी तेथे लाटेच्याच विजेवर खारे पाणी गोडे करण्याचा प्रयोगही झाला होता.