शून्य आणि अनडिफाइन्ड

पुसद

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझा रूममेट परवा दिग्रसच्या लग्नात भेटला. म्हणाला, "मामा, एरर आली की हा ?. टाकून मोकळा होतो, अन् आईचा फोन आला की म्यूट करतो." ताईला काही बोललो नाही. रात्री मात्र झोप लागली नाही.

आधी कामाचं. तुझ्या पावसाच्या डेटात जिल्हा, आत सोळा तालुके, त्यांच्या आत महसूल मंडळं, मग तारखा. मधली एखादी 'की' चुकली तर अनडिफाइन्ड मिळतं, आणि त्याच्याही आत शिरायला गेलास की टाइपएरर. 2020 च्या आवृत्तीपासून जावास्क्रिप्टमध्येच ?. आलं. त्यानं ओरड थांबते, चूक तिथेच राहते. तू 'पांढरकवडा' शोधशील आणि डेटात तालुका 'केळापूर' असेल. रकाना गुपचूप रिकामा जाईल. यवतमाळच्या पोरानं ही चूक करावी? आजची नोंद अजून आली नसेल, तिथे ?. शोभतं. तालुकाच सापडत नसेल तर एरर येऊ दे.

|| वरही विसंबू नकोस. कोरडा दिवस म्हणजे 0, आणि || त्यालाही 'नोंद नाही' करून टाकतं. ?? वापर, ते फक्त नल आणि अनडिफाइन्ड असेल तरच पर्याय देतं. पेरणी करून बसलेल्या माणसाला कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस सारखा नसतो, हे तुझ्या आजोबांना विचारायचं होतंस.

किती थर आहेत ते ठाऊक नसेल तर फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलवत आत उतरावं. टाइपऑफ नललाही 'ऑब्जेक्ट'च म्हणतं, तेव्हा तो आधी वगळ. बाकीचं तुला येतं.

पण फोन का म्यूट करतोस रे? अडलंय हे आईला सांगायची लाज वाटते? नागपूरला असताना मीही घरी 'खुशाल आहे' एवढंच लिहायचो. खोली गळायची, खानावळीचे पैसे थकायचे. बाबांना यातलं काहीच कधी कळलं नाही. आता सांगावंसं वाटतं, तर ते नाहीत.

जास्त बोललो असेन. मनावर घेऊ नकोस. पोळ्याला ये, लॅपटॉपही आण, ओसरीवर बसून कोड बघू. पैसे लागले तर मला सांग, ताईला नको. रात्री कितीही वाजता दिग्रसला उतरलास तरी फोन कर, मी गाडी घेऊन येतो.

तुझा,
मामा