दूरच्या मुलांसाठी पुस्तक-परिचय

इंदूरचे सियागंज ही रेल्वे स्थानकानजीकची घाऊक व्यापारपेठ होय. तेथील किराणा दुकानांच्या हिंदी पाट्या शहरातील मराठी मुले सहज वाचतात. होळकरांच्या राजवटीपासून मराठी कुटुंबे इंदुरात राहत आली आहेत. परंतु आजच्या मुलांचे शिक्षण बहुधा हिंदी वा इंग्रजी माध्यमातून होते. आजीशी मराठीत बोलणारे मूल मराठी पुस्तक मात्र क्वचितच हाती घेते. वाचनाचा धागा एका पिढीत तुटला, तर पुढील पिढीत बोलीही टिकणे कठीण होते.

या मुलांना लिपी नव्याने शिकावयाची नसते. देवनागरी त्यांना अवगत असते. अडचण असते ती थोड्या अक्षरांची व शब्दांची. 'ळ' हे अक्षर हिंदी पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' निराळा, हे कानाने ऐकल्यावाचून कळत नाही. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तो दंड ठरतो! अशा वेळी पुस्तकाची ओळख करून देणारा जिवंत आवाज हवा. महाराष्ट्रातील एखाद्या गावच्या शिक्षिकेस किंवा ग्रंथपालास हे कार्य ऑनलाइन पुस्तक-परिचयाद्वारे घरबसल्या करता येईल.

त्याची पद्धत सोपी आहे. पुस्तक आधी स्वतः दोनदा वाचावे. परिचय दहा मिनिटांहून लांबवू नये. मुखपृष्ठ व एखादे चित्र कॅमेऱ्यासमोर स्थिर धरावे. पात्रांची ओळख करून द्यावी, एक परिच्छेद सावकाश वाचावा आणि उत्कंठेच्या वळणावर थांबावे. शेवट सांगू नये. शेवट कळला की पुस्तक उघडण्याचे कारणच उरत नाही. त्यानंतर मुलांना बोलू द्यावे. उत्तरात हिंदी शब्द आल्यास हटकू नये. त्याचा मराठी प्रतिशब्द आपल्या वाक्यात सहजपणे योजावा. तात्पर्य विचारून परीक्षा घेण्याचा मोह टाळावा.

परिचय झालेले पुस्तक मुलाच्या हाती पडले नाही, तर सारा खटाटोप व्यर्थ होय. म्हणून मिळण्याजोगे पुस्तकच निवडावे. बालभारतीतर्फे १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वरील मराठी चित्रकथा मुक्त परवान्याच्या असल्याने, लेखक व चित्रकार यांचा नामनिर्देश करून पूर्ण वाचून दाखविता येतात. अन्य पुस्तके संपूर्ण वाचावयाची झाल्यास प्रकाशकाची अनुमती घ्यावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो सन्मान घरोघरी पोचावयाचा, तर सियागंजच्या पाट्या वाचणाऱ्या मुलाने 'पुढे काय झाले?' असे मराठीत विचारले पाहिजे आणि उत्तरासाठी पुस्तक उघडले पाहिजे.