जुनी हॉलोबॉडी गिटार घेताना: आधी लाकूड ऐका

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेला माणूस आधी पिकअप बघतो, मग अँप विचारतो. हॉलोबॉडीसाठी हा क्रम उलटा धरावा. तिची बॉडी आतून पोकळ असते. तारांची थरथर ब्रिजमधून वरच्या फळीत उतरते आणि फळीची थरथर पुन्हा तारांपर्यंत पोहोचते. पिकअप फक्त तारा टिपतो, पण सूर कसा उठेल आणि किती टिकेल हे लाकूड ठरवते. तंबोऱ्याचा नाद भोपळ्यात घडतो, तसा हिचा नाद बॉडीत घडतो. पिकअप बदलता येतो, चाव्या बदलता येतात. साठ-सत्तर वर्षे मुरलेली बॉडी बदलता येत नाही.

ही कृती गिब्सन कंपनीची ईएस-१७५ डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू इथल्या कारखान्यातून १९४९ मध्ये ती बाजारात आली आणि जॅझ वाजवणाऱ्यांची कायमची सोबतीण झाली. जिम हॉल, जो पास, पॅट मेथेनी ही तिची माणसे. ग्रेच, गिल्ड किंवा एपिफोनची जुनी गिटार घेतानाही तपासण्या याच लागतात.

सोबत न्यायचे सामान

लहान बॅटरी, दातांचे डॉक्टर वापरतात तसा छोटा आरसा, स्टीलची सरळ पट्टी, फीलर गेज, ट्यूनर, मल्टिमीटर, नोटा तपासायची यूव्ही बॅटरी आणि आपल्या ओळखीची केबल. शक्य असेल तर नेहमीचा अँपही न्या. परक्या अँपवर चांगली गिटार वाईट वाटू शकते आणि वाईट गिटार चांगली.

१. आधी जात ठरवा

जुन्या हॉलोबॉडीचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिल्यात वरची फळी स्प्रूसच्या अखंड लाकडातून कोरलेली असते. १९५१ ची एल-५सीईएस ही त्यातली प्रसिद्ध गिटार. आवाज सर्वांत खोल, किंमत सर्वांत चढी, आणि अँप मोठा केला की ती लवकर घुमायला, म्हणजे फीडबॅक द्यायला, लागते. दुसऱ्या प्रकारात फळी पातळ थर चिकटवून, दाबून घडवलेली असते. ईएस-१७५ या प्रकारची. थरांची फळी कमी थरथरते, त्यामुळे ती थोडा जास्त आवाज सहन करते आणि हवामानालाही बरे तोंड देते. तिसरा प्रकार बारीक जाडीचा: १९५९ ची ईएस-३३० आणि १९६१ ची एपिफोन कसिनो. बीटल्समुळे कसिनो जगभर पोहोचली.

१९५८ ची ईएस-३३५ दिसायला याच घराण्यातली, पण तिच्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळा आहे. घुमणे आवरण्यासाठीच तो घातला. ती सेमी-हॉलो, तिला हॉलोबॉडी समजून पैसे मोजू नका.

२. वय तपासा

विक्रेता सांगेल ते साल लगेच धरू नका. फळीतल्या एफ आकाराच्या छिद्रातून, म्हणजे एफ-होलमधून, बॅटरी मारा. आतल्या लेबलवर मॉडेल आणि सीरियल नंबर दिसेल. १९५२ ते १९६१ या काळातल्या गिब्सन हॉलोबॉडीत आतल्या लाकडावर कारखान्याचा ऑर्डर नंबरही छापलेला सापडतो. त्यातले अक्षर साल सांगते: १९५२ ला झेड, १९५३ ला वाय, आणि असेच उलट्या क्रमाने १९६१ ला क्यू. लेबल आणि हा नंबर जुळले की निम्मे काम झाले.

साठच्या दशकातले सीरियल नंबर मात्र पुन्हा पुन्हा वापरले गेले, त्यामुळे एकट्या नंबरवर साल ठरत नाही. तिथे नटची, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी उपयोगी पडते. १९६५ च्या सुमारास ती साधारण ४३ मिलिमीटरवरून ४० वर आली. डोक्याच्या मागे ‘मेड इन यूएसए’ असा ठसा असेल तर गिटार १९७० किंवा त्यानंतरची समजा.

आवाजाच्या बटणाखालच्या पॉटवरही आकडे असतात. १३७ म्हणजे सीटीएस, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढचे आकडे साल आणि आठवडा. पॉट ज्या सालचा, त्याआधी ती गिटार पुरी झालेली नसते, अर्थात पॉट मूळचा असेल तर. हॉलोबॉडीत पॉट एफ-होलमधून बाहेर काढावा लागतो. ते काम दुकानात स्वतः करू नका, विक्रेत्याकडून फोटो मागा.

३. नेक आणि डोके

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. गिब्सनचे डोके मागे कललेले असते आणि नटच्या मागेच नेक सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेले असते. त्यामुळे गिटार पाठीवर पडली की नेमकी तिथे मोडते. यूव्ही बॅटरीच्या उजेडात जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळे चमकते. मधेच काळपट पट्टा दिसला तर तिथे नंतर रंग मारलेला आहे. नीट सांधलेली गिटार उत्तम वाजू शकते, पण तिची किंमत पुष्कळदा निम्म्यावर येते. वाजवण्यासाठीच घेणाऱ्याला अशी गिटार म्हणजे चांगली संधी आहे, फक्त भाव त्या हिशेबाने द्या.

आता सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडने ती कमी होते, पण रॉडच्या नटाला फिरायला वाव उरला आहे का ते विक्रेत्यालाच दाखवायला सांगा.

मग ब्रिजची चाके बघा. ब्रिज पार खाली बसवूनही तारा उंचच असतील, तर नेकचा बॉडीशी असलेला कोन बिघडला आहे. नेक सोडवून पुन्हा बसवणे हे कुशल कारागिराचे, वेळखाऊ आणि महाग काम आहे. अशी गिटार माझ्या मते सोडून द्यावी.

४. बॉडी

ब्रिजच्या आसपास पट्टी आडवी धरा. फळीला हलकी कमान हवी. ती खचलेली नको. आरशाने आतले लांब ब्रेस, म्हणजे आधारपट्ट्या, पाहा आणि बोटाच्या पेराने फळीवर जागोजागी टकटक करा. कुठे खरखर ऐकू आली तर ब्रेस सुटला आहे. कडेच्या बाइंडिंगवर नख फिरवा. पन्नास-साठच्या दशकांतल्या ग्रेचवर सेल्युलॉइडचे बाइंडिंग कुजून भुगा होताना पुष्कळदा दिसते. सेल्युलॉइड कुजताना निघणारा वायू जवळचा धातूही खातो, म्हणून पिकअपच्या झाकणावर हिरवट गंज दिसला तर सेल्युलॉइडचा पिकगार्ड कुजतो आहे का ते बघा.

५. केबल न लावता वाजवा

ही खरी परीक्षा. शांत खोलीत बसा, गिटार पोटाशी धरा आणि प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवा. कुठला सूर मध्येच मरतो, कुठे कंप येतो, ते ध्यानात ठेवा. एखादा अर्धमेला सूर बहुतेक हॉलोबॉडीत सापडतो, चार-पाच सापडले तर नको. नंतर मोठा कॉर्ड वाजवून हात काढा आणि नाद विरेपर्यंत थांबा. चांगल्या बॉडीचा थरकाप छातीला जाणवतो.

तारा कुठल्या आहेत ते आधी विचारा. बारीक १० च्या तारांनी ही फळी नीट हलत नाही. १२ किंवा १३ च्या फ्लॅटवाउंड तारांवरच तिचा खरा आवाज कळतो. ब्राँझच्या तारा लावलेल्या असतील तर अँपमधून आवाज असमान येईल.

६. आता अँप

टोन पूर्ण उघडा, अँपचा आवाज मध्यम ठेवा. सुरुवातीच्या ईएस-१७५ वर एक पी-९० पिकअप असे, १९५३ पासून दोन पिकअपची आवृत्ती निघाली. पी-९० थोडा गुणगुणतो, तो दोष नाही. ही गुणगुण घालवण्यासाठी गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलटसुलट जोडून हमबकर बनवला आणि १९५७ पासून तो या गिटारवर आला. पेटंट मिळण्याआधीच्या या पिकअपच्या खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असते. तिच्यासाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात, म्हणून बनावट चिठ्ठ्याही भरपूर आहेत. मल्टिमीटरने केबलच्या टोकाला साधारण ७ ते ९ किलो-ओहम मिळायला हवेत. अगदी शून्य किंवा अनंत आले तर कॉइल किंवा जोडणी गेली आहे.

मग अँपचा आवाज हळूहळू वाढवा आणि घुमणे कुठे सुरू होते ते पाहा. अँपकडे तोंड न करता कडेने बसलात की ते बरेच कमी होते. गर्जणारा रॉक वाजवायचा असेल तर ही गिटार तुमची नव्हे.

७. कागद आणि वाहतूक

काय मूळचे आणि काय बदललेले, हे बिलावर लिहून घ्या. काढलेले जुने भाग केसमध्ये असतील तर तेही मागून घ्या.

परदेशातून आणणार असाल तर फ्रेटबोर्डचे लाकूड आधी विचारा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कित्येक गिटारींवर ब्राझीलचा शिसव आहे. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींसाठीच्या साइट्स कराराचे सर्वांत कडक बंधन आहे आणि परवान्याशिवाय गिटार अडकू शकते. नंतरच्या काळात गिब्सनने भारतीय शिसव वापरला, जो आपल्या सह्याद्रीतही वाढतो. त्याच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीचे नियम वेगळे असतात, म्हणून पैसे देण्याआधी कस्टम एजंटला विचारा.

प्रवासात तारा दोन-एक सूर उतरवा, पण काढू नका. ब्रिज फक्त तारांच्या दाबावर उभा असतो. त्याची जागा कागदी चिकटपट्टीच्या तुकड्याने खुणावून ठेवा.

८. घरी आल्यावर

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील असे बघा. जुलैतली मुंबई आणि मेमधले नागपूर, दोन्ही हिला त्रासदायक. दमट हवेत जुना सरस मऊ पडतो, कोरड्या हवेत लाकूड आकसून तडकते. केसमध्ये स्वस्त हायग्रोमीटर ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेल आणि कडक उन्हाळ्यात ओलावा देणारी डबी. सुती फडक्याने पुसा. पॉलिश नको, आणि नवा रंग तर कधीच नको.

९. कान तयार करा

१९३९ ते १९४१ मधला जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ऐका. गिब्सनच्या ईएस-१५० वर त्याने गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने बसवले. मग वेस मॉन्टगोमेरीचा १९६० चा ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ हा अल्बम ऐका आणि अंगठ्याने छेडलेला गोल सूर ओळखा. जिम हॉल आणि पियानोवादक बिल एव्हान्सचा १९६२ चा ‘अंडरकरंट’ ऐकला की कमी सुरांत ही गिटार किती बोलते ते कळते. हे ऐकून पुन्हा आपली गिटार हातात घ्या आणि टोनचे बटण अर्ध्यावर आणा.

शेवटी निर्णय असा करा: नेक सरळ, बॉडी शाबूत आणि केबलशिवायचा नाद मनाला भिडणारा असेल, तर बाकी उणिवांचे पैसे कमी करून गिटार घ्या. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर लेबलवर कोणतेही साल असो, ती परत ठेवा.