साथरोगांचं गणित: अकरावीचे विषय निवडण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की परभणी जिल्ह्यातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते: डॉक्टरकीसाठी जीवशास्त्र की इंजिनिअरिंगसाठी गणित? परभणी-परळी लोहमार्गावरची, नृसिंहाची पोखर्णीही त्याला अपवाद नाही. ‘नीट’ला गणित लागत नाही म्हणून अनेक मुलं ते सोडून देतात. त्यांना आणि त्यांच्या पालकांना आग्रहाने सांगायचं आहे: जीवशास्त्र जरूर घ्या, पण झेपत असेल तर गणितही ठेवा. साथ आवरण्याच्या कामात डॉक्टरइतकीच गणित जाणणाऱ्याचीही गरज असते.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या मुंबईच्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांवर एडिंबरामधल्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी आपली समीकरणं ताडून पाहिली आणि १९२७ साली प्रसिद्ध केली. लागण होऊ शकणारे, बाधित आणि साथीतून बाहेर पडलेले अशी लोकसंख्येची विभागणी आजही याच विचाराने होते. समजा, एक रुग्ण सरासरी तिघांना लागण देतो. लस पूर्ण परिणामकारक असेल, तर दोन तृतीयांशाहून अधिक लोकांना ती दिल्यावर साथ ओसरू लागते. विलगीकरणाने तीच लागण दोघांवर आणली, तर निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचं लसीकरणही पुरतं. लस अपुरी असताना हा फरक जीव वाचवतो.

करोनात अनेक अंदाज चुकले, मग या गणितावर विश्वास कसा ठेवायचा, ही शंका रास्त आहे. मुंबईच्या प्लेगचंच पाहा: समीकरणाचा आलेख आकड्यांशी छान जुळला, पण उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांचा बदलता प्रभाव त्यात नव्हता. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांतल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतल्या सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतल्या सुमारे १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं आढळली. म्हणजे सगळ्या शहराला एकच दर लावून चालत नाही. उद्याचा आकडा सांगण्यापेक्षा ‘असं केलं तर काय, तसं केलं तर काय’ याची तुलना करणं हा या शास्त्राचा खरा उपयोग आहे. त्यासाठी वस्ती, घरांची दाटी, कामाच्या वेळा यांची जाण लागते. गावात वाढलेल्या मुलाकडे ती असते.

नोकरीचं काय? फक्त साथरोगांची गणिती प्रतिमानं (मॉडेल) बनवण्याची पदं थोडी आहेत, हे मान्य करूनच पाया रुंद ठेवावा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी करावं, सोबत पायथन किंवा आर शिकावं. पुढे मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी जैवसंख्याशास्त्राची वाट आहे. हेच कौशल्य औषधांच्या चाचण्या, विमा आणि सरकारी सांख्यिकी विभागांतही चालतं. मराठी माध्यम हा अडसर नाही. इंग्रजी पुस्तकं वाचायची सवय मात्र अकरावीपासूनच लावावी. पालकांनी एवढंच करावं: मुलाला गणित आवडत असेल, तर केवळ एका परीक्षेला लागत नाही म्हणून ते सोडायला लावू नये.