आधी ग्रुपची लिंक बदला

प्रश्न : तारकर्ली-देवबागच्या आम्हा निवास-न्याहारीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात हल्ली कर्ज, शेअरच्या टिप्स आणि अनोळखी नंबरांची गर्दी झाली आहे. काय करावं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नंबर एकेक काढत बसू नका, एक काढलात की दोन येतील. ग्रुपची लिंक कुणीतरी फेसबुकवर टाकलेली असणार. ॲडमिनने ती रीसेट केली की जुनी लिंक बंद पडते. मग सेटिंगमध्ये नव्या सदस्यांसाठी मंजुरीची अट लावा. विनंती आली की विचारा, घर कुठल्या वाडीत, ओळखीचं कोण? बहुतेक स्पॅमवाले तिथेच गळतात.

‘फक्त ॲडमिननेच लिहावं’ हा पर्याय मात्र नको. नाताळच्या गर्दीत रात्री दहाला ‘चार पाहुणे आहेत, कुणाकडे खोली आहे का?’ असं विचारता येत नसेल, तर ग्रुप हवा कशाला?

जाहिराती नुसत्या वैताग देतात; खरी भीती फाइलींची. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलीच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, उघडू नका. ॲडमिनने ती सगळ्यांसाठी डिलीट करावी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

ॲडमिन व्हायला लोक बिचकतात. पण समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी निव्वळ ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा दोन-तीन ॲडमिन नेमा. एकच असला आणि तो पाहुणे घेऊन बोटीवर गेला, की रेंज गेलीच.