तापाची हकीकत
अभ्यासपाठ : तापाचा रुग्ण तातडीच्या विभागात नेताना



बहुतेक ताप दोन-तीन दिवसांत उतरतात. पण आपल्या सिंधुदुर्गात दोन ताप असे आहेत, की ज्यांत उशीर जिवावर बेततो : लेप्टो आणि माकडताप. दोन्ही गाठतात ते चिखलात आणि रानात राबणाऱ्यांना, म्हणजे ज्यांच्यामध्ये आपली सेवा चालते त्या कातकरी, धनगर व शेतमजूर कुटुंबांना.

दोन ताप, दोन वाटा

लेप्टो हा पावसाळ्यातला. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतात व पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. भातलावणीनंतर म्हणूनच सावध राहावे.

माकडताप साधारण डिसेंबर ते मे या दिवसांतला, म्हणजे काजूचा आणि लाकूडफाट्याचा हंगाम. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून येतो. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला. 2016 मध्ये तो दोडामार्ग तालुक्यातील केर गावी आला आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातही पोहोचला. रानात माकडे मरून पडू लागली, तर ती त्याची पहिली सूचना असते.

हकीकत का महत्त्वाची?

सुरुवातीला दोन्ही ताप सारखेच दिसतात : एकाएकी चढलेला ताप, डोके फुटेल असे दुखणे, अंग मोडून येणे, लाल डोळे. लेप्टोत पोटऱ्या फार दुखतात, पुढे कावीळ होते, लघवी कमी होते. माकडतापात हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ शकते.

उपचार मात्र वेगळे आहेत. लेप्टोवर प्रतिजैविके आहेत आणि ती रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता, संशयावरूनच सुरू करता येतात. माकडतापावर नेमके औषध नाही; सलाईन, रक्तदाबावर व रक्तस्रावावर लक्ष, गरजेप्रमाणे रक्त, हाच आधार. अहवाल येईपर्यंत डॉक्टरांच्या हाती रुग्णाची हकीकतच असते. आपली माणसे बरेचदा “ताप आला” एवढेच सांगून गप्प होतात. सोबत जाणाऱ्याने पुढचे सांगावे.

सोबत जाणाऱ्याने सांगावयाच्या पाच गोष्टी

1. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला.
2. मागच्या दोन-तीन आठवड्यांत कुठे काम केले : शेतात, काजूच्या बागेत की रानात.
3. पायाला जखम आहे का, गोचीड चावली होती का.
4. परिसरात माकड मेले आहे का, शेजारी आणखी कोणी तापाने आजारी आहे का.
5. कोणत्या गोळ्या घेतल्या. बाई गरोदर असेल तर तेही आधी सांगावे.

थांबू नये अशी चिन्हे

धाप, गुंगी किंवा बरळणे, फिट, पिवळे डोळे, लघवी कमी होणे, कुठूनही रक्त येणे. यांपैकी एकही दिसले तर 108 ला फोन करावा. घाट उतरायला वेळ लागतो, म्हणून रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. तापासाठी पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या देऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. माकडतापात उतरलेला ताप आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चढू शकतो. तेव्हा पुन्हा रुग्णालयात न्यावे.

हे दोन्ही ताप रुग्णाच्या स्पर्शाने पसरत नाहीत. म्हणून रुग्णाला जवळ घेण्यास, गाडीत बसवण्यास भिऊ नये. मेलेल्या माकडाला मात्र हात लावू नये. आरोग्य केंद्राला कळवावे.

दाखल्यातील शोमरोनी जखमांवर पट्टी बांधून निघून गेला नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, तिथल्या माणसाच्या हाती सोपवले आणि खर्चाची तजवीज केली. रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचवणे हे अर्धे काम. नीट सोपवणे हे उरलेले अर्धे.

चर्चेसाठी

1. आपल्या मंडळीत रात्री-अपरात्री रुग्णासोबत जाऊ शकतील अशी दोन माणसे कोण?
2. लावणीपूर्वी कोणत्या वाडीत गमबूट पोहोचवता येतील?
3. वरील पाच गोष्टी वाडीतल्या बोलीत कोण समजावून सांगेल?