एका आकड्याचा आग्रह

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. पुराच्या अहवालात संभवनीयतेचा एकच नेमका आकडा घालावा असा वरिष्ठांचा हुकूम असताना, हाताशी असलेल्या पुराव्यावरून तसा आकडा काढण्यास तुझे मन घेत नाही, हे वाचून मला समाधान वाटले. ही तुझी अस्वस्थता भित्रेपणाची नव्हे; तिला तर्कशास्त्राचा भक्कम आधार आहे, आणि तो कोणता हे तुला नीट ठाऊक असावे म्हणून हे पत्र.

तुझेच उदाहरण घेतो. उद्या एका उपनदीच्या खोऱ्यात अतिवृष्टी होण्याची संभवनीयता ०.७ व दुसरीच्या खोऱ्यात ०.६ धरली आहे, आणि दोन्हीकडे एकदम झाली तरच संगमावरील वस्तीस धोका आहे. तुझ्या सहकाऱ्यांनी दोहोंचा गुणाकार करून ०.४२ हा आकडा दाखल केला. परंतु हा गुणाकार, त्या दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच ग्राह्य. आणि शेजारच्या दोन खोऱ्यांवर बहुधा एकाच मेघसमूहाचा पाऊस पडत असता हे स्वातंत्र्य कोणत्या पुराव्याने गृहीत धरले? दिलेल्या आकड्यांतून तर्काने निष्पन्न होते ते एवढेच की, त्यांची बेरीज एकाहून ०.३ ने अधिक भरते, तेव्हा दोन्ही घटनांचा सामाईक भाग निदान तितका असलाच पाहिजे. आणि सामाईक भाग लहान घटनेहून मोठा होऊ शकत नाही, म्हणून तो ०.६ च्या पुढे जात नाही. ०.३ ते ०.६ हेच प्रामाणिक उत्तर. मदुराईत जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गनने १८४७ साली संख्यायुक्त अनुमानांचा विचार मांडला, आणि जॉर्ज बूलने १८५४ च्या आपल्या 'विचारांचे नियम' या ग्रंथात अशा मर्यादा काढण्याची रीतच घालून दिली. ०.४२ मध्ये जी अधिक नेमकेपणाची भर दिसते, ती पुराव्यातून आलेली नसून न बोललेल्या गृहीतातून आलेली आहे.

यावर तुला ब्रूनो द फिनेत्ती यांचा युक्तिवाद ऐकविला जाईल, आणि तो आदराने ऐक, कारण तो मोठ्या योग्यतेचा आहे. प्रत्येक घटनेवरील पैजेला मनुष्याने एक भाव सांगावा, त्याच भावाने ती घेण्यास वा देण्यास तयार असावे, आणि हे भाव संभवनीयतेच्या नियमांना धरून नसतील तर त्याला निश्चित तोट्यात पाडता येते, असे त्यांचे म्हणणे. घेण्याचा व देण्याचा भाव एकच का असावा, हा प्रश्न मात्र त्यात अनुत्तरित राहतो. पीटर वॉली यांनी १९९१ च्या ग्रंथात हे दोन भाव निराळे मानून सविस्तर शास्त्र उभारले: ज्या कमाल भावाने मी पैज घेईन ती खालची मर्यादा, ज्या किमान भावाने देईन ती वरची, आणि मधल्या पट्ट्यात मी व्यवहारच करीत नाही. ही मोकळीक स्वैर नव्हे. दोन्ही खोऱ्यांत एकदम अतिवृष्टी होण्याची खालची मर्यादा तू ०.३ लिहिलीस, की तसे न होण्याची वरची मर्यादा ०.७ च लिहावी लागते. तेथे तुझ्या मर्जीला जागा नाही.

अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९२१ सालीच बजावले होते की अनुमानाची संभवनीयता ही एक गोष्ट आणि त्यामागील पुराव्याचे वजन ही दुसरी. डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ साली मांडलेल्या प्रश्नात हा भेद लख्ख दिसतो: पात्रात ९० चेंडू, पैकी ३० तांबडे, उरलेले ६० काळे आणि पिवळे, परंतु कोणते किती हे अज्ञात. तांबड्यावर पैज लावावी की काळ्यावर, असे विचारता पुष्कळ लोक तांबडा पत्करतात. 'तांबडा किंवा पिवळा' की 'काळा किंवा पिवळा' असे विचारता तेच लोक दुसरी जोडी घेतात. कोणताही एकच आकडा या दोन्ही निवडींना एकदम न्याय देऊ शकत नाही, म्हणून पंडित त्यांना अविवेकी ठरवितात. मला ते पटत नाही. जेथे प्रमाण ठाऊक आहे तेथे पाय रोवणे, हा विवेकच आहे.

राहिला निर्णयाचा प्रश्न, जो तुझ्या वरिष्ठांना रास्तपणे भेडसावतो. दोन्हीकडे एकदम अतिवृष्टी झाली की पूर येतोच, आणि वस्ती हलविल्याने पुराची हानी सर्वस्वी टळते असे धरू. ती हानी हलविण्याच्या खर्चाच्या चौपट असेल, तर संभवनीयता ०.२५ च्या वर जाताच वस्ती हलविणे योग्य ठरते, आणि तुझी खालची मर्यादाच त्यापुढे आहे. तेव्हा पट्टा रुंद असूनही निर्णय निःसंदिग्ध आहे, आणि अहवालात तसे ठळक लिही. हानी दुप्पटच असेल, तर ०.५ ही सीमा पट्ट्याच्या पोटात पडते. अशा वेळी आकडा निर्णय देत नाही, तो अधिकाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर घ्यावयाचा आहे, असा स्पष्ट शेरा मार. त्याआधी दफ्तरातून दोन्ही खोऱ्यांच्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदवह्या मागवून घे, आणि एकीकडे अतिवृष्टी झाली त्या दिवशी दुसरीकडे काय झाले हे तारीखवार ताडून पाहा. पट्टा अरुंद करण्याचा हक्क त्या वह्यांनाच आहे. काही निष्पन्न झाल्यास मला अवश्य कळव.

तुझा,
मामा